कोतवाल बुकातून १९१८ च्या मानमोडीचे मृत्यू कसे मोजायचे?

पांढरीकाठ:
दारव्हा तालुक्यातल्या एका गावात १९१८ च्या मानमोडीत (इन्फ्लुएंझाच्या साथीत) किती माणसं गेली ते काढायचं आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, १९१८ ची मृत्यूची पानं मिळाली. पण कारणाच्या रकान्यात मानमोडी किंवा इन्फ्लुएंझा कुठंच नाही, बहुतेक ठिकाणी नुसतं ‘ताप’. मग मोजायचं काय?

जुनंदप्तर:
भाऊ, रोगाचं नाव शोधू नका. मृत्यूचं कारण ऐकून लिहिलेलं असायचं, डॉक्टरनं तपासलेलं नाही. देवी, पटकी (कॉलरा), गाठ (प्लेग) घरच्यांनाही ओळखू यायची, म्हणून त्या नोंदी बऱ्याच भरवशाच्या. हिवताप, न्यूमोनिया, विषमज्वर मात्र सगळे ‘ताप’मध्ये जायचे.

त्यातून आश्विन-कार्तिक हा आपल्याकडे हिवतापाचाही हंगाम, म्हणून १९१८ ची नुसती बेरीज फसवते. १९१३ ते १९१७ ची पानंही मागवा. अर्जात वर्षं स्पष्ट लिहा. दरवर्षीचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे सगळे मृत्यू काढा, कारण काहीही असो. त्यांची सरासरी १९१८ च्या त्याच दोन महिन्यांतून वजा करा. समजा सरासरी ५ आणि १९१८ ला ४१, तर जादा ३६. लोकसंख्या ६२० असेल तर हजारी ५८. लोकसंख्या १९११ च्या जनगणनेची घ्या. १९२१ ची साथीनंतरची आहे, तिनं भागलं तर दर फुगू शकतो.

वयाचा रकाना जरूर उतरवा. एरवी लेकरं आणि म्हातारे जास्त जात. मानमोडीनं २० ते ४० वयाची धडधाकट माणसं नेली. तो फुगवटा दिसला की साथ हीच असावी, याला चांगला आधार मिळतो.

शाईदौत:
तारीख जपून वाचा, ती मृत्यूऐवजी नोंद दिल्याची असू शकते. कोतवालच अंथरुणाला खिळला की पंधरा दिवस कोरे, आणि मग एकाच तारखेखाली, एकाच शाईत दहा-बारा नावं. अशा पानांवरून आठवड्याचा हिशेब करू नका, महिनाच धरा. अख्खा ऑक्टोबर कोरा असेल तर गाव वाचलं असं लगेच मानू नका. अनुक्रमांक तुटलाय का, पान गहाळ आहे का, ते आधी पाहा. पडताळ्याला जन्माची बाजू घ्या. जून ते ऑगस्ट १९१९ मध्ये जन्म एकदम घटलेले दिसले, तर मृत्यूची पानं कोरी असूनही गावाला तडाखा बसला होता.

पांढरीकाठ:
मोठं काम सोपं केलंत. गाठीच्या साथीत लोक गाव सोडून शेतात झोपड्या टाकून राहायचे. ते मृत्यू कुठं सापडतील?

जुनंदप्तर:
शेत शेजारच्या शिवारात असेल तर नोंद तिकडच्या बुकात गेलेली असू शकते. लगतच्या दोन-तीन गावांची बुकं पाहा. नाव, बापाचं नाव आणि वय, तिन्ही जुळवूनच मोजा, नाहीतर एकच माणूस दोनदा धरला जातो. वयात दोन-चार वर्षांचा फरक चालवून घ्या, ती अंदाजानंच सांगितलेली असत.