दारावर कोण आलं? (अनुभव धागा)

मेहरूणकाठ
आज मोबाईलवर अमेरिकेतल्या ऑर्लँडोची बातमी परत दिसली. १२ जून २०१६, पल्स नावाचा समलिंगी लोकांचा क्लब, लॅटिन नाइट होती, गोळीबारात ४९ जण गेले. तेव्हा मी पुण्यात कामाला होतो. मेसमध्ये टीव्ही चालू होता, पोरं वरण-भात कालवत होती आणि माझा घास घशाखाली उतरेना. कुणीतरी विचारलं, "तुझं कोण होतं का रे तिथं?"

माझं जे होतं ते चोपड्याकडे होतं, आणि त्याच उन्हाळ्यात गेलं होतं. आमचं कळल्यावर त्याच्या घरच्यांनी त्याला गोठ्यात कोंडून मारलं. नंतर "विहिरीवर पाय घसरला" असं गावभर सांगितलं. गंधमुक्तीला मी 'कॉलेजचा मित्र' म्हणून गेलो. पत्रिकेवर भाऊबंद, मामा, आत्या, पार साडूपर्यंत सगळ्यांची नावं. पंगतीत बसलो, वाढप्याने आग्रह केला, जेवलो. रडायला बांधावर जावं लागलं, कारण कॉलेजच्या मित्रासाठी एवढं कोण रडतं?

तिकडे ती ४९ नावं लोक भर रस्त्यात मोठ्याने वाचत होते. ते बघून मेसमध्ये सगळ्यांसमोर मला रडू फुटलं, पहिल्यांदाच.

आपल्याकडे माणूस गेलं की वैरीसुद्धा दारावर येतो. या माणसांसाठी कोण आलं? कुणाला मारलं तेव्हा कोण उभं राहिलं? लिहा. कुणी ओळखू येईल असं नाव-गाव मात्र नको.

जंक्शन
प्लॅटफॉर्मवरच झालं, एका तृतीयपंथी पोरीला मारलं. तिच्या बांगड्या फुटून मनगटात काच घुसलेली. मारणारे चौघं दारू पिऊन, गाडी सुटली असती तर गेलेच असते. केळीवाल्या मावशीने एकाची कॉलर धरली ती सोडलीच नाही. चहावाले जमले. रेल्वे पोलिसांकडे तीच मावशी साक्षीला, पाटी दुसरीकडे सोपवून. "सकाळी बोहनी तिच्या हातची होते माझी, मी खोटं कशाला बोलू" एवढंच परत परत सांगत होती.
बाकीचं नंतर लिहितो, पोरीला क्लासला सोडायचंय.

अंजनी
मेहरूणकाठ भाऊ 🙏 काय लिहावं कळेना. तुम्ही त्यांचेच होतात.

लॅबवाली ताई
रक्तपेढीत काम करते म्हणून ऑर्लँडोची एकच गोष्ट डोक्यात राहिली. दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला रांगा लागल्या आणि ज्यांचे मित्र क्लबात मारले गेले त्यांच्यातल्याच कितीतरी जणांना देता येईना. तिथला नियम तेव्हा असा, की वर्षभरात पुरुषाशी संबंध आला असेल तर त्या पुरुषाचं रक्त चालणार नाही. आधी तर जन्माचीच बंदी होती, ती डिसेंबर २०१५ मध्ये वर्षावर आणलेली. आणि आपल्याकडे? २०१७ च्या रक्तदात्यांच्या सूचनांमध्ये तृतीयपंथी आणि असे पुरुष कायमचे बाद. प्रत्येक पिशवीची तपासणी होते हो, एचआयव्ही, दोन्ही काविळी, गुप्तरोग, मलेरिया. तरी माणूसच बाद.
एक पोरगा आला होता, त्याच्या जोडीदाराला लोकांनी ठोकलं होतं, ऑपरेशन होतं. फॉर्म भरताना त्या रकान्यावर पेन थांबलं त्याचं. खरं लिहिलं त्याने. मला घेता आलं नाही. आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, तो नुसता फोन हातात धरून. मग त्याच्या गल्लीतल्या मंडळाला मीच फोन लावला. पोरं मंडळाचे टी-शर्ट घालून मोटारसायकलवर ट्रिपल सीट आली. एकानेही विचारलं नाही की पेशंट याचा कोण.

पांझराकाठ
ताई, वाचला का तो?

लॅबवाली ताई
वाचला. जबडा अजून दुखतो थंडीत.

तात्या एरंडोल
वय ६७. आमच्या वेळी हे विषय घरात निघत नव्हते. मनापासून विचारतो, राग मानू नका. पोराने असं सांगितलं तर घरच्यांनी पहिल्यांदा काय करावं?

अमळनेरची आई
तात्या, मी सांगते, माझ्याच घरातलं आहे. माझ्या मुलाला गावातल्याच पोरांनी मारलं, व्हिडिओ काढला आणि तो फिरवला. तो घरी आला तर शर्टाची बटणं तुटलेली, एक चप्पल पायात. हे ओसरीत येरझाऱ्या घालत होते, "आता तोंड कुठे दाखवू." मी दारात थिजलेली. सासूबाई चुलीपुढून उठल्या, त्याचं तोंड पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "पोर आपलं शे. चाल रे, जेवाले बठ." ताटात कळण्याची भाकरी, ठेचा, वरून तेल. तो जेवेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. मग ह्यांना म्हणाल्या, आता पोलिसात चल. स्वतः गेल्या, नऊवारी बदलून. ठाण्यात टाळाटाळ झाली, तर बाकावर बसून राहिल्या तक्रार लिहून घेईपर्यंत.
त्यामुळे माझं उत्तर, आधी जेवायला वाढा. बाकीचं नंतर.

तात्या एरंडोल
समजलं ताई. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

अमळनेरची आई
गेल्या वर्षी गेल्या त्या. खांदा त्यानेच दिला.

बामणोदचं वांगं
कळण्याची भाकरी वाचून डोळे भरले आणि भूकही लागली. आजीला नमस्कार. (भरताला वांगी अजून महिनाभराने येतील, ज्यांना हवी त्यांनी सांगून ठेवा.)

जंक्शन
आलो. ती पोरगी बरी आहे, सांगायचं राहिलं. मनगटावर खूण आहे. बामणोद भाऊ, माझी ५ किलो धरा.

तापीमाय
मी डेऱ्यात राहते, म्हणजे आम्हा तृतीयपंथींच्या गुरूच्या घरात. भादलीचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्या जळगाव तालुक्यातली भादली बुद्रुक. आमच्यातल्या अंजली पाटलांचा ग्रामपंचायतीचा अर्ज वॉर्ड महिलांसाठी राखीव म्हणून बाद केला होता. औरंगाबाद खंडपीठाने बाई म्हणून उभं राहू दिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. आमच्याकडे गुलाल सांडला होता नुसता.
त्याच डेऱ्याने दुसरंही बघितलंय. माझी गुरुबहीण मारली गेली. ज्या घराने तिला हाकललं तेच प्रेत न्यायला आले. कंबरेपर्यंत केस होते तिचे, ते कापले, शर्ट-पँट घातली आणि मुलगा म्हणून जाळलं. आम्हाला लांब उभं केलं. परत आलो तर चूल पेटवायची कुणात ताकद नव्हती. तेवढ्यात शेजारच्या वहिनी टोपलं घेऊन आल्या, पिठलं-भाकरी. सुतकाच्या घरी देतात तसं. त्या आमच्याशी एरवी बोलतही नव्हत्या. त्यांनी ते टोपलं ठेवलं आणि आम्हाला घर समजलं.

पांझराकाठ
तापीमाय, काय बोलू. मी धुळ्याला वकिली करतो, रोज बघतो. २०१९ ला कायदा झाला त्यात कलम १८ मध्ये तृतीयपंथीयावर लैंगिक अत्याचार केला तर ६ महिने ते २ वर्षं. बाईवर बलात्काराला किमान १० वर्षं. पुरुषावर झाला तर आधी जुन्या दंड संहितेचं 'अनैसर्गिक' संबंधांचं कलम ३७७ तरी लावता येत होतं. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीचं नातं त्यातून सोडवलं, जबरदस्तीला कलम तसंच होतं. पण १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी न्याय संहिता आली आणि त्यात ते कलमच नाही. पोरं येतात, मारहाण, धमकी अशी कलमं जोडत बसावं लागतं. ज्यांना गरज असेल त्यांनी निरोप करा, फी नको.

अंजनी
आणि ज्यांना हे वाचून जड होतंय त्यांच्यासाठी १४४१६, टेलिमानस, मन मोकळं करायचा फोन नंबर, सरकारचा आहे, पैसे लागत नाहीत. मराठीतही बोलतात. एकटे बसू नका.

प्रताप९८
जंक्शन, तू आपल्या बॅचचा का भो? सायन्स, होस्टेलला होतास का?

जंक्शन
हो!! तू तो कॅरमवाला? निरोप बघ तुझा.

मेहरूणकाठ
सगळं वाचलं, दोनदा. एक विचारायचं होतं. २० नोव्हेंबरला तृतीयपंथी माणसांच्या खुनांची आठवण ठेवतात, जगभर. रिटा हेस्टर म्हणून बॉस्टनची होती, १९९८ मध्ये मारली, पुढच्या वर्षापासून हे सुरू झालं. जळगावात आपण बसायचं का संध्याकाळी? भाषण नाही, बॅनर नाही. ज्याला आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचंय त्याने घ्यावं. मला घ्यायचंय.

तापीमाय
आम्ही सगळ्या येऊ. तिचं आम्ही ठेवलेलं नाव घेणार.

तात्या एरंडोल
मी येतो. मला कुणाचं नाव घ्यायचं नाही, नुसता बसेन. चालेल ना?

मेहरूणकाठ
चालेल म्हणजे काय तात्या. दारावर आल्यासारखंच या.

पांझराकाठ
धुळ्याहून आम्ही तिघं. रात्री परत यायला एसटी आहे का कुणाला माहीत आहे?

लॅबवाली ताई
उशीर झाला तर मुक्कामी राहा, आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे. फक्त आधी सांगा, पाणी एक दिवसाआड येतं, भरून ठेवावं लागेल.