पीआरमुळे न्यूझीलंडचं वाटोळं झालं म्हणे!

रेमुताका

परवा 'पेठेतला पेन्शनर' यांनी जाता जाता एक पिंक टाकली: "न्यूझीलंडने प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. सात टक्क्यांचा माणूस पंतप्रधान कोण ते ठरवतो. नाकापेक्षा मोती जड." त्यावर १४ जणांनी माना डोलावल्या. तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण तो धागा मुळात उकडीच्या मोदकांचा. म्हणून इथे. (पीआर म्हणजे तेच प्रमाणशीर प्रतिनिधित्व: पक्षाला जितकी मतं, त्या प्रमाणात जागा.)

काका, मोती जड आहे, कबूल. पण आधीचं नाक, म्हणजे मतदारसंघात ज्याला जास्त मतं तो आला ही पद्धत, कसलं होतं ते तरी बघा. १९७८ साली लेबरला ४०.४ टक्के मतं, नॅशनलला ३९.८. जागा? लेबर ४०, नॅशनल ५१. मल्डून पंतप्रधान. लोक म्हणाले, होतं असं एखाद वेळी. १९८१ साली परत तेच: मतं लेबरला किंचित जास्त, सरकार नॅशनलचं. आणि सोशल क्रेडिट नावाच्या तिसऱ्या पक्षाला २०.७ टक्के मतं मिळून ९२ पैकी २ जागा. दर पाच मतदारांतला एक, आणि सगळ्यांचे मिळून संसदेत दोन टाळकी.

पुढे १९८४ ला लेबर आलं आणि जाहीरनाम्यात नव्हतं तेच सगळं केलं. वैतागून १९९० ला नॅशनलला आणलं, तर त्यांनी तीच गाडी आणखी जोरात हाकली. ४७.८ टक्के मतांवर ९७ पैकी ६७ जागा असल्यावर विचारतो कोण? तेव्हाची माणसं इथे न्यूझीलंडमध्ये अजून भेटतात. माझी जुनी घरमालकीण सांगायची, "आम्हाला पद्धत बदलायची हौस नव्हती गं, त्या दोघांची जिरवायची होती." रॉयल कमिशनने १९८६ मध्येच एमएमपीची (मिश्र पद्धत: काही खासदार मतदारसंघातून, बाकी पक्षाच्या यादीतून, एकूण जागा पक्षाच्या मतांच्या प्रमाणात) शिफारस केली होती, दोन्ही पक्षांनी ती माळ्यावर टाकली. लेबरचे पंतप्रधान लाँगे यांनी १९८७ च्या प्रचारात टीव्हीवर सार्वमताचं वचन देऊन टाकलं (समोरचं टिपण चुकीचं वाचलं म्हणतात). शेवटी १९९२ ला ८४.७ टक्क्यांनी 'बदला' म्हटलं. १९९३ च्या पक्क्या कौलात मात्र एमएमपी ५३.९ वरच निभावली, हेही सांगते, लपवत नाही.

परिणाम एका पक्षात बघा. अलायन्स: १९९३ ला १८ टक्के मतं, २ जागा. १९९६ ला मतं घसरून १० टक्क्यांवर, जागा १३. बायका १९९३ च्या संसदेत २१ टक्के होत्या, २०२२ मध्ये निम्म्या झाल्या. त्याला एकटी एमएमपी कारण नाही, पण यादी दोन्ही पक्षांना चारचौघांत मांडावी लागते आणि सगळेच पुरुष दिसले की लाज वाटते, हे आहेच.

तेव्हा धोंडा कुठला आणि पाय कुणाचा ते सांगा.

पेठेतला पेन्शनर

ताई, आकडेमोड उत्तम. फक्त सोयीची. १९९६ ची कथा तुम्ही अलायन्सच्या १३ जागांवर संपवलीत, मी पुढची सांगतो. मतदान १२ ऑक्टोबरला. विन्स्टन पीटर्स यांच्या न्यूझीलंड फर्स्ट पक्षाच्या १७ जागा. गृहस्थांनी प्रचारभर नॅशनलवर आग ओकली, लोकांनी त्यावर विसंबून मतं दिली. मग दोन्हीकडे बोलणी करत १० डिसेंबर उजाडला आणि स्वारी गेली कुणाकडे? नॅशनलकडे! उपपंतप्रधानपद, वर खास त्यांच्यासाठी निर्माण केलेलं खजिनदारपद. १९९८ च्या ऑगस्टमध्ये सगळं कोसळलं, १७ पैकी ८ जण पीटर्सना सोडून गेले. नॅशनलच्या पंतप्रधान शिपलीबाईंचं सरकार तरलं त्यात अलामीन कोपू यांचाही हात, आणि त्या अलायन्सच्या यादीवरून आलेल्या! म्हणजे तुमच्या त्या १३ पैकी एक.

डॉ. आंबेडकरांनी जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत नेमकं हेच बजावलं होतं: या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार टिकत नाही. आम्ही म्हटलं की ती पिंक, त्यांनाही तेच म्हणणार का?

कटिंग चहा

काका दोन महिन्यांचं काय घेऊन बसलात. २०१९ ला आपल्याकडे २४ ऑक्टोबरला निकाल, २८ नोव्हेंबरला सरकार, मध्ये एक राष्ट्रपती राजवट आणि एक पहाटेचा शपथविधी. तेही 'ज्याला जास्त मतं तो आला' पद्धतीत. प्रचारात एकमेकांवर आग ओकणारे नंतर एकत्र येण्याचं पेटंट पीटर्सकडे नाही.

घाटावरचा

दोघांचंही ऱ्हाऊ द्या. मला एवढंच सांगा, ती यादी करणार कोण? एकदा यादीवर भागतंय म्हटल्यावर आमच्याकडं पहिल्या दहात कुणाची पोरं, कुणाच्या सुना आणि कुणाचे कारखाने असतील ते मी आत्ताच लिहून देतो. आज निदान आमदार पडतो तरी. आमच्या गावच्या पुलाचं काम तीन वर्षं अडलं होतं, चाळीस माणसं घेऊन आमदाराच्या दारात बसलो, तेव्हा काम सुरू झालं. यादीवरच्या माणसाचं दार कुठं हुडकायचं?

रेमुताका

@घाटावरचा, यादीचा मुद्दा रास्त. इथेही मतदाराला यादीतली नावं वरखाली करता येत नाहीत, हे मलाही खटकतं. मतदारसंघात पडलेला माणूस यादीतून मागच्या दाराने आत येतो, त्यावर लोक चिडतात.

पण दाराचं म्हणाल तर माझी गोष्ट ऐका. सासूबाईंच्या व्हिसाचं प्रकरण अडकलं होतं. आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना दोन पत्रं लिहिली. दोन्हींची पोच आली, छान कागदावर. पुढे काही नाही. मग त्याच भागात कार्यालय थाटलेल्या, दुसऱ्या पक्षाच्या यादीवरच्या बाईंकडे गेले. त्यांनी अर्धा तास बसवून कागद वाचले आणि कुठला कागद कमी आहे ते सांगितलं. पुढच्या वेळी त्यांना तो मतदारसंघ लढवायचा होता म्हणून केलं असेल, असू दे की! एका भागाला दोन दारं मिळाली ना?

@पेन्शनर, बाबासाहेबांचा आक्षेप १९४९ चा आहे, तेव्हाच्या साक्षरतेवरचा. आणि त्याच संविधानात राज्यसभेची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीनेच आहे. ती कुणी धोंडा म्हणून ठेवली का?

बोरकूट

सॉरी हं, शीर्षक वाचून मला वाटलं पीआर म्हणजे परमनंट रेसिडेंट 😅 म्हटलं आता आम्ही काय वाटोळं केलं यांचं. ऑकलंडला असतो, रेसिडेन्सी मिळून सव्वा वर्ष झालं. ऑफिसात कुणीतरी म्हणालं की नागरिक नसलो तरी मला मत देता येतं. खरं का?

रेमुताका

खरं. रेसिडेंट असलास आणि कधीतरी सलग वर्षभर इथे राहिला असलास की झालं, पासपोर्ट कुठलाही असो. १९७५ पासून आहे हे. मत देणं सक्तीचं नाही, पण नाव नोंदवणं आहे, तेव्हा नोंदवून टाक. मी पहिलं मत दिलं तेव्हा माझाही पासपोर्ट भारताचाच होता.

संत्राबर्फी

वा रे वा. म्हणजे पासपोर्ट भारताचा, सरकार तिकडचं ठरवायचं, अन् आम्हाले इथं येऊन लोकशाही शिकवायची. काहून बा, इथं होते तेव्हा किती वेळा मत दिलं होतं? का मतदानाच्या सुट्टीले चिखलदऱ्याले गेले होते?

रेमुताका

इथे आल्या दिवसापासून कर भरतेय. ज्या रस्त्यावर चालते, ज्या शाळेत पोरं जातात, तिथलं मत मला आहे, यात तुमच्या पोटात का दुखावं? आणि हो, तिकडे असताना प्रत्येक वेळी मत दिलंय. भर मे महिन्यात, नववा महिना चालू असताना रांगेत उभी होते. चिखलदरा अजून पाहिलेला नाही.

संत्राबर्फी

कर तर आमच्या नागपुरात बाहेरचे बी भरते. मत म्हंजे सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती हाय का? उद्या तिकडं कंटाळा आला का तुम्ही ऑस्ट्रेलियाले जाणार, अन् तुम्ही निवडलेलं सरकार तिथले लोक भोगणार.

वाळवंटातला वड

कधी लिहीत नाही, आज राहवलं नाही. आखातात २२ वर्षं आहे. इथे मताचा प्रश्नच नाही, जन्म गेला तरी नागरिक होणार नाही. भारतात अनिवासी म्हणून नाव नोंदवलंय चिपळूणला, पण मत द्यायचं तर स्वतः जाऊन द्यायचं. तिकीट, रजा, साहेबाची मिनतवारी. २२ वर्षांत एकदा मत दिलं, २०१९ ला, तेसुद्धा आईचं ऑपरेशन त्याच आठवड्यात निघालं म्हणून. आई विचारत होती, माझ्यासाठी आलास की मतासाठी. मी दोन्हीकडून उपरा. त्या न्यूझीलंडने वर्षभर राहिलेल्या माणसाला मत दिलं तर मला त्यांचा हेवा वाटतो, राग नाही येत. बर्फीवाले, तुमचं मतदान केंद्र घरापासून किती लांब?

संत्राबर्फी

शाळा हाय समोरच. … बरं, तुमचं वेगळं हाय दादा. ताईंचं नाही.

कटिंग चहा

'तुमचं वेगळं' 😂 आपला तो बाब्या.

भीमेकाठ

चिखलदऱ्यापर्यंत गेलेली चर्चा परत आणतो. एक गोष्ट अजून कुणीच काढली नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मतदारसंघ १८६७ पासून आहेत, आणि ते आपल्या राखीव मतदारसंघांसारखे नाहीत. माओरी माणूस स्वतः ठरवतो, नाव सर्वसाधारण यादीत घालायचं की माओरी यादीत. माओरी यादीतले फक्त तेच आपला खासदार निवडतात. म्हणजे स्वतंत्र मतदारसंघ. १९३२ ला पुण्यात करार करून जे आमच्याकडून सोडवून घेतलं, ते.

शंभरावर वर्षं या जागा चारच ठेवल्या होत्या, लोकसंख्या कितीही वाढो. एमएमपीच्या कायद्यासोबत संख्या यादीतल्या नावांशी बांधली, तेव्हा पाच, सहा आणि २००२ पासून सात झाल्या. पेन्शनरसाहेब बाबासाहेबांचं १९४९ चं भाषण काढतात. १९३२ पण काढा की कधी. प्रत्येक वेळी आपल्याला हवं तेवढंच पान का उघडतं?

पेठेतला पेन्शनर

भीमेकाठ, माझं पान चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. माओरी यादीचं मला खरंच ठाऊक नव्हतं.

ताई, १९७८ चे आकडे रात्री तपासले. बरोबर आहेत. नाक वाकडं होतं, मान्य. (माझ्या नातवाने स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, त्यामुळे आता माघार नाही.) पण २००८ चं काय ते सांगा. पीटर्सच्या पक्षाला ४.०७ टक्के मतं, जागा शून्य. अ‍ॅक्ट नावाच्या छोट्या पक्षाला ३.६५ टक्के, जागा पाच. का? तर एप्सम नावाचा एक मतदारसंघ त्यांनी जिंकला म्हणून यादीतून जागा मिळायला लागणारी ५ टक्के मतांची अट माफ. याला प्रमाणशीर म्हणायचं असेल तर आमच्या गल्लीतल्या वाण्याचा काटाही प्रमाणशीरच आहे.

रेमुताका

एप्समवर तुम्हाला पूर्ण गुण. २०१२ च्या फेरआढाव्याने अट ४ टक्क्यांवर आणा आणि ती एका जागेची पळवाट बंद करा असं सुचवलं होतं. ज्यांची पोळी त्यावर भाजते त्यांनी होऊ दिलं नाही. पण २०११ च्या सार्वमतात लोकांना पुन्हा विचारलं, तेव्हा ५७.८ टक्क्यांनी एमएमपीच ठेवली. १५ वर्षं वापरून. मोतीचा भार नाकाला सोसतोय म्हणायचा.

घाटावरचा

पर यादी कोण करणार, त्याचं उत्तर आलं न्हाई अजून.

कटिंग चहा

आपल्याकडे २०१९ च्या लोकसभेला वंचितला राज्यात जवळजवळ ७ टक्के मतं आणि स्वतःची जागा शून्य. २०१४ ला देशात बसपला ४.२ टक्के, शून्य. याद्या वाईट असतील, पण ही मतं कुठल्या विहिरीत गेली?

घाटावरचा

विहीर आमची, पोहरा त्यांचा. जाऊ द्या.

बोरकूट

नाव नोंदवलं आत्ता, पाच मिनिटांत झालं. दोन मतं आहेत म्हणे. महत्त्वाचं कुठलं?

पेठेतला पेन्शनर

पक्षाचं. संसदेतलं बळ त्यावर ठरतं, मतदारसंघातलं गमावलंस तरी फारसं बिघडत नाही. (ताई, बघा, तुमचं पाठांतर करून घेतलंय.)

रेमुताका

बरोबर सांगितलं काकांनी. नोंद करून ठेवतेय.

बोरकूट

थँक्यू दोघांना. मी एप्समला राहतो, त्याने काही फरक पडतो का?

पेठेतला पेन्शनर

एप्सम!! अरे, हे आधी सांगायचं नाही का? २०११ ला तिथल्याच एका कॅफेत नॅशनलचे पंतप्रधान जॉन की आणि अ‍ॅक्टचे बँक्स कॅमेऱ्यांसमोर चहाला बसले होते, नॅशनलच्या मतदारांनी काय ओळखायचं ते ओळखावं म्हणून. टेबलावर कुणाचंतरी रेकॉर्डिंग चालू राहिलं आणि पुढे पोलिसांपर्यंत गेलं. तेव्हा मत कुणालाही दे, पण निवडणुकीच्या तोंडावर कुणी चहाला बोलावलं तर कॉफी सांग.