दर वाढला, ४०० जीबीची मर्यादा तीच. गावातल्या अभ्यासिकेचं नेट कसं चालवावं?

अभ्यासिका_दारव्हा

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या लहानशा गावात आम्ही काही जण मिळून अभ्यासिका चालवतो. समाजमंदिराची एक खोली, वीसेक पोरं-पोरी. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, एकदोघं एमपीएससीवाले. प्रत्येकाकडून महिन्याला पन्नास रुपये घेतो, ते लाइट बिल आणि नेटमध्येच जातात. अमरावती-पुण्याला खोली करून क्लास लावायची ऐपत इथं कोणाचीच नाही. सोयाबीनच्या भावाचं तुम्हाला काय सांगावं. त्यामुळं यूट्यूबवरची लेक्चर हाच यांचा क्लास.

नेट तालुक्याच्या केबलवाल्याचं. पॅक ४९९ चा होता, आता ५९९ केला. जीएसटी धरून ५८९ द्यायचो, आता ७०७. दुकानाच्या बोर्डावर ‘अनलिमिटेड, ३० एमबीपीएस’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. वापरायला लागल्यावर कळलं की ४०० जीबी झाले की वेग २ एमबीपीएसवर येतो. दर वाढवला तेव्हा मी म्हटलं, मग मर्यादा तरी वाढवा. ‘सगळीकडंच वाढलं नं भाऊ’ एवढंच उत्तर.

महिन्याची बारा-पंधरा तारीख आली की रडगाणं सुरू. १४४ पी वर आणलं तर लेक्चर कसंतरी सरकतं, पण फळ्यावर ३ लिहिलाय की ८ तेच दिसत नाही. गणित-बुद्धिमत्तेच्या लेक्चरमध्ये तेवढंच तर पाहायचं असतं! एक पोरगी वहीत सूत्र उतरवताना दरवेळी बाजूच्याला विचारते, ‘हा आकडा काय हाय?’ भरती तोंडावर आलेली असताना हे पाहवत नाही.

मोबाइलवर भागवा म्हणाल, तर तिथंही तेच. रोज दीड जीबीचा जिओचा २८ दिवसांचा पॅक जुलै २०२४ मध्ये २३९ वरून २९९ झाला. २८ दिवसांच्या हिशेबानं वर्षाला १३ रिचार्ज. घरात एकच मोबाइल, बापाला वावरातून ई-पीक पाहणीचा फोटो टाकायचा असतो आणि पोरानं दुपारपर्यंत कोटा संपवलेला असतो.

एवढंच विचारायचंय: बोर्डावर अनलिमिटेड लिहून अशी मर्यादा घालता येते का? आणि आहे त्या ४०० जीबीत वीस जणांचं भागवायचं कसं?

फायबर_जोडारी_वर्धा

भाऊ, पहिले हिशेब बघा. ७२० पी चं लेक्चर तासाला साधारण पाऊण ते एक जीबी खातं. ४०० भागिले ३० म्हणजे दिवसाला तेरा जीबी. वीस जणांनी रोज एकेक तास पाहिलं तरी महिना पुरत नाही, आणि तुमची पोरं एका तासावर थोडीच उठतात. मर्यादा संपल्यावर तर २ एमबीपीएस वीस मोबाइलमध्ये वाटल्या जाते, एकेकाच्या वाट्याला १०० केबीपीएस. त्यात काय दिसणार.

उपाय सांगतो, आमच्या इकडं दोन ठिकाणी करून दिलाय. पोलीस भरतीवाले जास्त असतील तर त्यांचं लेक्चर वीस मोबाइलवर लावू नका. जुना टीव्ही घ्या, लॅपटॉप एचडीएमआय वायरीनं जोडा आणि एकच लेक्चर सगळ्यांना दाखवा. वीस जणांचा डेटा एकाच्या हिशेबात येतो. फळाही मोठा दिसतो. ज्या लेक्चरखाली डाउनलोडची खूण येते ते एकदा उतरवून ठेवा, उजळणीला परत तेवढा डेटा लागत नाही.

दुसरं म्हणजे वायफायचा पासवर्ड. पोरं खोलीत आली की मोबाइल आपोआप जोडल्या जातो आणि मागच्या मागं फोटोचा बॅकअप, ॲप अपडेट, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ सुरू. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये बहुतेकदा १९२.१६८.१.१ टाकलं की उघडते) कोणकोण जोडलंय ते दिसते. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ‘डेटा सेव्हर’ चालू करून द्या आणि ऑटो-डाउनलोड बंद करा. हे तुम्ही स्वतः बसून करा, पोरांवर सोडू नका.

धानोरा_ताई

आम्ही गडचिरोलीकडचे. तुम्हाला केबल तरी आहे दादा, आमच्या गावात टॉवर हाच आधार. रोजचा कोटा संपला की ६४ केबीपीएस, त्यात साधा फोटोसुद्धा जात नाही. माझी मुलगी बारावीला आहे. ती पहाटे उठून लेक्चर उतरवून घेते, कारण दिवसा टॉवरवर गर्दी असते. कोटा रात्री बाराला नवा होतो, त्यामुळं झोपायच्या आधी ‘उरलेला’ वाया जातो आणि दुपारी हवा तेव्हा नसतो. महिन्याचा एकत्र डेटा दिला तर आमच्यासारख्यांना जास्त कामाचा पडेल.

टीव्हीची कल्पना छान आहे, आमच्या बचत गटाच्या बैठकीत मांडते.

ग्राहक_पंचायतीतला_अकोला

तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल. दर वाढवण्यावर फार काही करता येणार नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, दर ठरवून देत नाही, ती मोकळीक कंपन्यांना आहे. २ एमबीपीएसबद्दलही तक्रार टिकणार नाही, कारण जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएस अशी आहे, आणि तुमचा वेग तिथंच येऊन थांबतो.

पण मर्यादा लपवणं हा मुद्दा पक्का आहे. ट्रायनं ३१ ऑक्टोबर २०१६ ला निर्देश काढलेत. डेटाची मर्यादा किती, तोवर वेग किती आणि नंतर किती, हे वेबसाइटवर आणि जाहिरातीत सांगायलाच पाहिजे. शिवाय वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोचला की ग्राहकाला तसं कळवायचं आहे. तुम्हाला असे मेसेज येतात का?

आधी कंपनीकडं तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या, मग त्यांच्याच अपील प्राधिकाऱ्याकडं जा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथंही नोंदवता येते. त्यातून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. टेलिकॉमची तक्रार तिथं चालते असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फेब्रुवारी २०२२ चा आहे. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. केबलवाला बहुतेक मोठ्या कंपनीचा फ्रँचायझी असेल, बिलावर लायसन्स कोणाचं आहे ते पाहा. तक्रार त्या नावानं करा.

अभ्यासिका_दारव्हा

सगळ्यांचे आभार. टीव्ही एका मास्तरांनी द्यायचं कबूल केलंय, एचडीएमआय वायर मी यवतमाळहून आणतो.

मेसेज एकही येत नाही. आणि बिलाचं म्हणाल तर बिलच मिळत नाही. पैसे दिले की व्हॉट्सॲपवर ‘पेमेंट रिसिव्ह्ड’ येतं, बस. कंपनीचं नाव कुठून काढू?

ग्राहक_पंचायतीतला_अकोला

मग सुरुवात इथूनच करा. १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून घेतला जातोय, तर जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल द्यायलाच पाहिजे. ७०७ पैकी १०८ रुपये कराचे म्हणून जातात, ते नेमके कुठं जमा होतात हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मागच्या वर्षभराची बिलं लेखी अर्ज देऊन मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बोर्डाचा फोटो आजच काढून ठेवा, तारखेसकट. अर्ज पोचला की बोर्ड बदलतात.

अभ्यासिका_दारव्हा

फोटो काढला. अर्ज आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना सोबत घेऊन द्यायचा आहे, एकट्याला ते दाद देणार नाहीत. दारव्हा, दिग्रस, नेर भागात केबलचं नेट वापरणारं कोणी असेल तर इथं लिहा: मर्यादा आधी सांगितली होती का, मेसेज येतो का, बिल मिळतं का. तिन्हीची उत्तरं अर्जाला जोडतो.