जुन्या कॉम्प्युटरवर जुनं सॉफ्टवेअर: तुमची कशी जिरली?

जुन्या विंडोजवर किंवा लिनक्सवर एखादं जुनं सॉफ्टवेअर टाकताना काय काय भोगलंत ते लिहा. ‘नवीन घ्या ना’ हा सल्ला नको, तो घरचे देतातच.

माझ्यापासून सुरुवात. म्हापशात आमचा छोटा छापखाना आहे. जत्रेची हँडबिलं, आरत्यांची पुस्तकं वगैरे. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर एक्सपीवर, त्याचं लॉक (हे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) मागच्या पॅरलल पोर्टला. ऐन चवथीच्या तोंडावर हार्ड डिस्क गेली. एक्सपी परत टाकला. बिलाच्या प्रोग्रामला मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट ४ हे पूरक सॉफ्टवेअर हवं. ते म्हणे आधी एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ (अपडेटचा गठ्ठा) आण. आणला. मग म्हणे विंडोज इमेजिंग कंपोनंट कुठाय? धाकटीचं ठरवायला जावं आणि आधी थोरल्या दोघींची लग्नं लावावी लागावीत, तसं. त्यात एका जाणकाराने ‘डॉट नेट ४.५ टाक’ सांगितलं, एक संध्याकाळ त्यात गेली. एक्सपीवर ४.०च्या पुढचं चढतच नाही. इकडे गिऱ्हाईक आरत्यांचं प्रूफ मागत दारात उभं.

डिचोलीहून:
खाणीवरच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर, विंडोज ७. मार्च २०१८मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हापासून झाकून ठेवलेला. सुरू केला तर जी साइट उघडावी ती ‘सुरक्षित नाही’. दोन तास राउटरला शिव्या घातल्या. मग खाली कोपऱ्यात नजर गेली: साल २००९! तारीख चुकीची, म्हणून साइटची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटत होती. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला. सेल बदलला, तारीख लावली, बहुतेक साइट उघडल्या. पण काट्याला जोडायची यूएसबी-सिरीयल केबल नवी, तिच्या ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोज मानेना. सही एसएचए-२ या नव्या पद्धतीची, आणि आमच्याकडे २०१५ नंतरचा एकही अपडेट नाही. आधी केबी४४९०६२८ हा अपडेट, मग केबी४४७४४१९, रीस्टार्ट. काटा बोलू लागला.

फोंड्याहून:
थोडक्यात सांगतो. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचा सेटअप चालत नाही. आमचा प्रोग्राम ३२ बिटचा, पण त्याचा सेटअप १६ बिटचा! शेवटी व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर) ३२ बिटचं विंडोज ७ टाकलं.

वाळपईहून:
लॅबमध्ये उबुंटू १७.१० (लिनक्स). काहीही इन्स्टॉल करायला गेलं की ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’. मुलं म्हणाली नेट गेलं. नेट ठणठणीत होतं, आवृत्ती जुनी झाली म्हणून तिची पॅकेजेसच दुसऱ्या सर्व्हरवर हलवली होती. सोर्सेस डॉट लिस्ट या फाइलमधले पत्ते बदलून ओल्ड-रिलीजेस या जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरचे केले, मग सगळं सुरळीत.

म्हापसेकर, सर्व्हिस पॅक ३ मिळाला कुठून? एसएचए-१ या जुन्या पद्धतीच्या सहीच्या विंडोजच्या फाइली तर मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२०मध्ये डाउनलोड सेंटरवरून काढल्या.

म्हापशाहून:
बाबांच्या खणात, जुन्या पंचांगाखाली. सीडीवर त्यांच्या अक्षरात ‘फेकू नये’. ती कॉपी करून देतो, पण एक्सपीच्या मशीनला नेट लावू नका. आणि त्या पॅरलल लॉकचा ड्रायव्हर असलेली फ्लॉपी कुणाकडे आहे का? आमचीला बुरशी आलीय. वाळपईपर्यंतसुद्धा येईन.