फिट्झजेराल्डला अनुवादक म्हणायचं का?

खोडरबर:
फारसी कवी उमर खय्यामच्या रुबायांचं (म्हणजे चार ओळींच्या कवितांचं) एडवर्ड फिट्झजेराल्डने केलेलं इंग्रजी (१८५९) परवा पुन्हा वाचलं. यावेळी शेजारी मूळ फारसीचा गद्य अर्थ घेऊन बसलो आणि चक्रावलो.

झाडाखाली रोटी, सुरई, कवितांचं पुस्तक आणि शेजारी 'तू', हे कडवं बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतं. मुळात त्या सहलीच्या शिदोरीत आहे गव्हाची रोटी, दोन मण मद्य आणि मेंढराची रान, म्हणजे मांडी! (फारसी मण आपल्या मणापेक्षा बराच लहान, तरी दोघांत पुष्कळच.) फिट्झजेराल्डने मटण गाळलं आणि पुस्तक ठेवलं, तेही वेगळ्याच रुबाईतून उचललेलं.

आणि हे एका कडव्यापुरतं नाही. हस्तलिखितात रुबाया यमकाच्या शेवटच्या अक्षराप्रमाणे लावलेल्या असतात, एकीचा दुसरीशी संबंध नसतो. याने त्यातल्या वेचून, दोन-दोनांची मोट बांधून, पहाटे सुरू होऊन चंद्रोदयाला संपणारा एक सलग दिवस रचला. काही ठिकाणी तर खय्याम नाहीच, अत्तार हा दुसराच फारसी कवी आहे. एडवर्ड हेरन-ॲलन या अभ्यासकाने १८९९ मध्ये एकेक कडवं मुळाशी ताडून पाहिलं. १०१ पैकी फक्त ४९ कडवी एकेका रुबाईशी सरळ जुळली.

कविता सुरेखच आहे, वाद नाही. पण मुखपृष्ठावर खय्यामचं नाव घालणं ही मला फसवणूक वाटते.

सुपारीकातर:
असहमत. फसवून त्याला मिळालं काय? २५० प्रती छापल्या, स्वतःचं नावही घातलं नाही. कुणी घेईना म्हणून पुस्तकं दुकानाबाहेरच्या पेनीच्या पेटीत जाऊन पडली. १८६१ मध्ये व्हिटली स्टोक्सच्या हाती एक प्रत लागली, त्याच्याकडून कवी-चित्रकार रोझेटीकडे गेली आणि मग बोलबाला झाला. पेंढा भरलेल्या गरुडापेक्षा जिवंत चिमणी बरी, असं फिट्झजेराल्डनेच पत्रात लिहिलंय. शब्दाला शब्द ठेवणारे अनुवाद नंतर झालेच की. ते किती जणांना पाठ आहेत?

नदीपल्याड:
चिमणीचं पत्र आठवतं, मग १८५७ चंही आठवा. आपल्या फारसीच्या गुरूला, कॉवेलला, लिहितो की या फारशी मंडळींशी हवी तशी मोकळीक घ्यायला मजा येते, कारण आपण बिचकावं इतके काही हे कवी मोठे नाहीत आणि त्यांना आकार द्यायला थोडी कला लागतेच. माझा राग मटण गाळल्याचा नाही, या सुराचा आहे. युरोपातल्या कवीला हात लावताना असं धाडस झालं असतं का?

सुपारीकातर:
@नदीपल्याड, झालं होतं ना! स्पॅनिश काल्देरोनची सहा नाटकं त्याने १८५३ मध्ये अशीच कापली-जोडली. पुढे ग्रीक इस्किलसच्या 'ॲगॅमेम्नॉन'लाही सोडलं नाही. माणूसच तसा होता. सगळीकडे साम्राज्यवाद शोधायची गरज नाही.

नदीपल्याड:
वा, तुम्हीच मुद्दा हाती दिलात. काल्देरोनच्या मुखपृष्ठावर त्याने 'मुक्त अनुवाद' असं स्वच्छ छापलं होतं. सहाच वर्षांनी खय्यामवर नुसतं 'अनुवादित'. स्पॅनिश वाचकाला उत्तर द्यावं लागेल याची जाण होती, इराणी वाचक खिजगणतीत नव्हता. १८६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो शब्द बदलून 'इंग्रजी पद्यात उतरवलेल्या' असा मवाळ केला, म्हणजे कुठेतरी टोचलं असावं.

खोडरबर:
+१. हे मला सुचलं नव्हतं.

बोरूबहाद्दर:
अवांतर: कॉवेलवर कुणी दोन शब्द लिहील का? फिट्झजेराल्डला फारसी शिकवलं त्याने, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातलं १५८ रुबायांचं हस्तलिखित शोधून नक्कल दिली त्याने. मग कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला आला आणि तिथल्या एशियाटिक सोसायटीत दुसरं हस्तलिखित सापडलं, त्याचीही नक्कल धाडली. हमाली त्याची, मिरवणूक दुसऱ्याची!

ओसरी:
मराठीत हा गुंता एकाने व्यवस्थित सोडवलाय. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक, फारसी-मराठी कोश करणारे. त्यांनी आधी थेट फारसीवरून 'उमरखय्यामकृत रुबाया' (१९२९) केल्या आणि मग फिट्झजेराल्डवरून 'द्राक्षकन्या' (१९३१). दोन वेगळी पुस्तकं! म्हणजे त्यांच्या लेखी हे दोन वेगळे कवी होते. (आणि हेच गृहस्थ पुढे भाषाशुद्धीचे कैवारी होऊन मराठीतले फारसी शब्द वेचून काढायला लागले. असो, त्याला वेगळा धागा लागेल.)

सुपारीकातर:
ओसरीताई, पण हे माझ्याच बाजूने जातं. ज्याला मूळ फारसी येत होतं त्यालाही फिट्झजेराल्ड मराठीत आणावासा वाटला. आणि अनुवादकाला मूळ भाषा यायलाच हवी म्हटलं, तर चीनच्या लिन शू या अनुवादकाचं काय करणार? त्याला एकही परकी भाषा येत नव्हती. मित्र फ्रेंचवरून तोंडी सांगायचा, हा अभिजात चिनीत लिहून काढायचा. १८९९ मध्ये धाकट्या द्यूमाची कादंबरी अशीच चिनीत आली आणि तुफान वाचली गेली. त्यालाही यादीतून काढायचं?

खोडरबर:
लिन शूने कथा तरी द्यूमाचीच ठेवली, पाच कादंबऱ्यांची एक केली नाही. तेव्हा उदाहरण लंगडं आहे. बाकी 'फसवणूक' हा शब्द मागे घेतो, १८६८ चा बदल पाहता तो जरा जास्तच झाला. पण आता ओसरीताईंनी भलताच किडा सोडलाय डोक्यात. कुणाच्या घरी १९२९ चं पुस्तक असेल तर ती रुबाई काढून सांगा: माधवरावांनी मटण ठेवलंय का?