सीबीटीत (विचार-वर्तन उपचारात) संमोहन नेमकं कुठे बसवायचं?

फोंड्याचा_समुपदेशक:
नैराश्याची केस आहे, पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीत २७ पैकी १४. सीबीटीची पाच सत्रं झाली. बाई म्हणतात, "डोक्याला पटतं, पण आतून पटत नाही." विचारनोंदीची वही कोरीच येते. संमोहन जोडायचं तर कधी, किती वेळ? घरी त्या कोंकणी बोलतात.

बार्देशकर:
आधी पीएचक्यूचा नववा, आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न बघा. तिथे शून्याहून जास्त असेल, किंवा पूर्वी उन्माद, भास-भ्रम झाले असतील, तर संमोहन बाजूला ठेवा आणि बांबोळीच्या आयपीएचबीत (सरकारी मानसोपचार रुग्णालयात) पाठवा. चालू गोळ्या संमोहनाच्या जोरावर बंद करायच्या नाहीत.

सगळं ठीक असेल तर ५० मिनिटांतली पंधरा-वीसच संमोहनाला. क्रम चुकवू नका. पर्यायी विचार आधी जागेपणी, त्यांच्याच तोंडून काढा आणि तोच सूचना म्हणून वापरा. "मी बिनकामाची" याच्या जागी "मी समर्थ आहे" असं तुम्ही घातलंत तर मन लगेच "खोटं!" म्हणतं आणि निराशा वाढते. "सगळं जमलं नाही, पण सकाळी बाजारात जाऊन नुस्तें (मासे) आणलं" हे मात्र नाकारता येत नाही. त्यानंतर उद्याच्या एकाच कामाची कल्पनेत उजळणी: चपला घालणं, दार ओढणं, बसस्टॉप. जागं झाल्यावर त्या कामाची वेळ वहीत लिहून घ्या, नाहीतर उजळणी हवेत राहते.

आणि सूचना कोंकणीतच द्या. पुस्तकी मराठी ऐकून माणूस परीक्षेला बसल्यासारखा ताठ होतो.

तिसवाडी_७:
फसतं ते बहुतेक शांततेत. नैराश्यात मन आधीच आत वळून तेच तेच उगाळत असतं. डोळे मिटवून दोन मिनिटं गप्प बसलात की त्याला मोकळं रान. बोलत राहा, लक्ष बाहेर न्या: पंख्याचा आवाज, पायाखालची फरशी. घरी ऐकायला दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरे, तेही खुर्चीत बसून. पलंगावर झोप लागते. बालपणात मागे नेण्याचा प्रकार नकोच, खोट्या आठवणी तयार होतात.

सांगेकर:
अपेक्षा माफक ठेवा. अलादिन आणि अलिभाई यांच्या २००७ च्या चाचणीत ८४ जण, १६ आठवडे; एका गटाला नुसती सीबीटी, दुसऱ्याला संमोहन जोडून. सुधारणा दोन्ही गटांत झाली. संमोहन जोडलेल्या गटात नैराश्य सुमारे ६ टक्क्यांनीच जास्त उतरलं. आपल्याकडे गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगात' या संस्थेने सहा ते आठ सत्रांच्या, मुख्यतः कृती वाढवण्यावर भर असलेल्या उपचाराची चाचणी घेतली. तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात परिणामकारक दिसला, आणि तो देणारे प्रशिक्षित पण बिगरतज्ज्ञ समुपदेशक होते. वही कोरी येते म्हणता, तर मी आधी ती वही बंद करून दिवसाला एक काम एवढाच गृहपाठ देईन.

फोंड्याचा_समुपदेशक:
आभार. त्या डोळे मिटायला घाबरतात, हे लिहायचं राहिलं.

बार्देशकर:
मग उघडेच राहू द्या. भिंतीवरचा एक ठिपका पुरतो. आणि "कधीही थांबवा म्हणू शकता" हे सुरुवातीलाच सांगा.