छोटी गाडी घेताना ‘ॲव्हरेज किती?’ हाच पहिला प्रश्न का?

कोयनाकाठ

माझा धाकटा भाऊ चिपळूणला असतो. घरात तो, त्याची बायको, नऊ आणि चार वर्षांची दोन मुलं आणि आमची आई. पहिलीच गाडी घ्यायची आहे, ऑन रोड सात लाखांच्या आत. दिवाळीत सगळे कराडला जमलो तेव्हा फराळाची ताटं तशीच राहिली आणि गाडीचा विषय निघाला. मेहुणे, दोन काका, शेजारचे निवृत्त एसटी ड्रायव्हर, सगळे बोलले. दोन तास फिरून फिरून दोनच प्रश्न येत होते: ॲव्हरेज किती देते आणि पाच वर्षांनी विकली तर किती येतील. आई भिंतीला टेकून गुडघा चोळत बसली होती. तुला कुठल्या गाडीत नीट चढता-उतरता येतं, हे तिला कुणीही विचारलं नाही. मीही नाही.

त्या रात्रीपासून डोक्यात घोळतंय ते लिहितो. गाडीत कोण बसणार आणि उद्या ती आपटली तर त्यांचं काय होणार, हा पहिला प्रश्न हवा. बाकी सगळं त्यानंतर.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासून पाचपैकी स्टार देणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून बघितल्या: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो. पाचही गाड्यांना शून्य स्टार. एकीतही एअरबॅग नव्हती, कारण बेस मॉडेलला ती देतच नसत. दोन एअरबॅग असलेली पोलो आपटली तर तिला चार स्टार मिळाले. म्हणजे जे द्यायचं ते कंपन्यांना येत होतं, आपण मागत नव्हतो. मारुती ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये. मधली साडेपस्तीस वर्षं आपण शोरूममध्ये टेप आणि सीट कव्हर फुकट मागत होतो.

आणि ॲव्हरेजचा हिशोब तरी खरंच करतो का आपण? भावाचं फिरणं महिन्याला फार तर सहाशे किलोमीटर. एक गाडी लिटरला १८ देते, दुसरी २१. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर महिन्याचा फरक पाचशे रुपयांच्या आत येतो. तेवढ्यासाठी मुलं कशात बसतात हे बघायचं नाही?

तुमच्याकडे गाडी कशी ठरली, खरंखरं सांगा. विरोध असेल तर तोही करा.

दोनचाकीवाला

विरोधच करतोय. तुमचा हेतू चांगला आहे, पण हे लिहिणारा माणूस बहुतेक दुसरी किंवा तिसरी गाडी घेणारा असतो.

मी २०१७ पर्यंत बायको आणि दोन मुलांना स्कूटरवर घेऊन वाई ते सातारा करत होतो. धाकटी पुढे उभी, मोठा मध्ये. जूनच्या पावसात खंबाटकीकडून येणारे ट्रक बाजूने गेले की बायको माझा शर्ट घट्ट धरायची. तेव्हा सेकंड हँड अल्टो घेतली, पावणेदोन लाखाला. एअरबॅग नव्हती. पण चार भिंती, छप्पर आणि पट्टा होता. त्या दिवशी मला कुणी शून्य स्टारची गोष्ट सांगून घाबरवलं असतं तर मी अजून दोन वर्षं पैसे साठवत स्कूटरवरच फिरलो असतो. ते जास्त सुरक्षित होतं का?

रतन टाटांनी नॅनोचा विचार असंच स्कूटरवरचं कुटुंब पावसात बघून केला, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. गाडीची तुलना मोठ्या गाडीशी करता तेव्हा ती आम्हाला लागू होत नाही. आमची तुलना दोन चाकांशी आहे.

आणि महिन्याचे पाचशे रुपये म्हणजे माझ्या मुलीच्या क्लासची निम्मी फी होती. ‘तेवढ्यासाठी’ म्हणू नका.

कोयनाकाठ

‘तेवढ्यासाठी’ हा शब्द मागे घेतो. चुकलं.

पण नॅनोचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे असं मला वाटतं. २००८ मध्ये दाखवली, २००९ मध्ये रस्त्यावर आली, २०१८ मध्ये बंद झाली. स्कूटरवरच्या कुटुंबासाठी केलेली गाडी त्या कुटुंबानेच घेतली नाही, कारण ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का बसला आणि सोसायटीच्या फाटकातून तो शिक्का घेऊन आत यायला लोक कचरले. म्हणजे आपण पैसा पैसा म्हणतो, पण चारचौघांत कसं दिसेल यासाठी पैसे मोजतो. मग सुरक्षेसाठी का नाही?

पानापक्कड

स्टार बघायचे तर नीट बघा, नुसता आकडा पाठ करू नका.

ग्लोबल एनकॅपने जुलै २०२२ पासून परीक्षा कडक केली. आधी मुख्यतः समोरून धडक असायची. नंतर बाजूची धडक, ईएससी (गाडी घसरू लागली तर ताब्यात ठेवणारी यंत्रणा), सीटबेल्टची आठवण हे सगळं धरायला लागले. त्यामुळे २०२०चे चार स्टार आणि २०२३चे दोन स्टार एकाच तराजूत घालता येत नाहीत. वॅगन आरला २०१९ मध्ये दोन मिळाले आणि २०२३ मध्ये एक. गाडी चार वर्षांत कच्ची झाली नाही, पेपर कठीण झाला. टियागोचे चार स्टार २०२०चे आहेत, जुन्या पेपरचे. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅपही सुरू आहे, तेव्हा कुठला स्टार कुठल्या परीक्षेचा आणि कुठल्या साली मिळाला हे आधी विचारा.

दुसरं म्हणजे अहवालात स्टारच्या खाली एक ओळ असते, गाडीचा सांगाडा स्थिर आहे (म्हणजे धडकेत फार चेपत नाही) की अस्थिर. मी तीच आधी वाचतो. एअरबॅग कंपनीला नंतर वाढवता येतात. २०२५ मध्ये अल्टो के१०, सेलेरिओ, वॅगन आर या सगळ्यांना सहा एअरबॅग सरसकट आल्या, चांगलंच झालं. सांगाडा मात्र गाडी नव्याने आखल्याशिवाय बदलत नाही.

आणि मागचे पट्टे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ती गाडी छोटी नव्हती, स्वस्त तर नव्हतीच. मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता. माझ्याकडे कामाला येणाऱ्या दहा गाड्यांपैकी आठांचे मागचे पट्टे सीटखाली दाबलेले असतात, वरून नवं कव्हर. कोयनाकाठ, तुमच्या भावाला गाडी कुठलीही घेऊ दे, कव्हर बसवताना तिथे उभं राहायला सांगा.

चाकणशिफ्ट

पेट्रोलचा हिशोब सहाशे किलोमीटरवर केलात म्हणून तो तसा दिसतोय. मी हडपसरहून चाकणला जातो, महिन्याला अठराशे. पेट्रोल १८ च्या ॲव्हरेजने दहा हजार चारशे. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २७ धरा, सहा हजार. महिन्याला चार हजार चारशे वाचतात. सीएनजी मॉडेलला ९५ हजार जास्त दिले ते बावीस महिन्यांत फिटले. माझ्यासाठी ॲव्हरेज हाच पहिला प्रश्न होता आणि पुन्हा घेतली तरी तोच असेल.

तुमच्या भावाने मात्र सीएनजी घेऊ नये. त्याच्या फिरण्याला तेच पैसे फिटायला पाच वर्षांच्या वर जातील, आणि तोवर डिकीत टाकी. चार वर्षांचं मूल असलेल्या घराला डिकी लागते. पाच माणसं, टाकी आणि कुंभार्ली घाट, हे जमत नाही. पंपावरच्या रांगेचा वेळ तर कुणीच मोजत नाही. मी पहाटे साडेचारला भरतो म्हणून चालतं.

चौथा गिअर

इतकं वाचलं, पण एक प्रश्न कुणीच काढला नाही: चालवणार कोण?

माझी उंची चार फूट अकरा इंच. आमची गाडी सासरे, नवरा आणि दीर या तिघांनी ठरवली, तिघंही पावणेसहा फुटांच्या आसपास. मला टेस्ट ड्राइव्हला नेलं ते मागच्या सीटवर बसवून. घरी आणल्यावर कळलं की सीट वर-खाली होत नाही, कारण ती सोय वरच्या मॉडेलला होती आणि आम्ही ४० हजार वाचवले होते. मला बॉनेटचं टोक दिसत नाही. क्लच पूर्ण दाबायला सीट इतकी पुढे घ्यावी लागते की छाती स्टिअरिंगला टेकते. खाली उशी घेऊन चालवते, आणि एअरबॅग असलेल्या स्टिअरिंगच्या इतकं जवळ बसणं धोक्याचं आहे हे मला माहीत आहे.

दिवसभर गाडी मीच चालवते. मुलाची शाळा, सासूबाईंचं फिजिओथेरपी, मंडई. नवरा फक्त रविवारी.

कोयनाकाठ, तुम्ही पहिला प्रश्नच बदलून टाका म्हणता, पण तुमच्या भावाच्या बायकोचा उल्लेख एवढाच की ती घरात आहे. ती चालवते का? शिकणार आहे का? शिकणार असेल तर सगळ्यात आधी तिला सीटवर बसवा, आणि शक्य असेल तर एएमटीचा, म्हणजे क्लच नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीचा विचार करा. घाटात जरा दमते, पण मी दोन महिने क्लचच्या भीतीने गाडी काढली नव्हती, तो काळ तिच्या वाट्याला नको.

वाशिष्ठी

चिपळूण म्हणालात म्हणून लिहिते. गाडी उभी कुठे राहणार?

२२ जुलै २०२१ला आमच्या आळीत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. आमची आठ महिन्यांची गाडी छपरापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर शेजारच्यांनी त्यांच्या गाडीची चावी घाईने फिरवून बघितली आणि इंजिन गेलं. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान धरतात, पण पाणी शिरल्यावर चालू केल्याने गेलेलं इंजिन धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. आम्ही चावी लावली नाही, तरी विमा कंपनीने साडेपाच महिने हेलपाटे घालायला लावले.

ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच, १६५ मिलिमीटर की १८७ यावर शोरूममध्ये तासभर बोलतात. आमच्या खड्ड्यांना त्याचा उपयोग आहेच, पुराला काहीही नाही. भावाच्या घराजवळ उंचावर, ओळखीच्या अंगणात पावसाळ्यापुरती जागा बघून ठेवा. आणि ॲक्सेसरीजमध्ये घासाघीस करून जे वाचेल ते विम्याच्या त्या जोडीत घाला.

तालुक्याचं गाव

रीसेलला आणि सर्व्हिस सेंटरला इथे सगळे हलकं समजतायत, म्हणून त्या काकांची बाजू मी घेतो.

शेवरोलेने २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं जाहीर केलं. डॅटसन २०२२ मध्ये गेली. यांच्या गाड्या वाईट नव्हत्या, काही तर फार मजबूत होत्या. पण ज्याने हप्त्यावर घेतली होती त्याच्या गाडीची किंमत बातमीच्या दिवशी खाली आली. ‘विकताना किती येतील’ या प्रश्नात ‘ही कंपनी टिकेल का, सुटे भाग मिळतील का’ हे दडलेलं असतं. काकांना ते तसं मांडता येत नाही, एवढंच.

गावात बोअरवेलवाल्याकडे जी गाडी आहे, गावातला मेकॅनिक जी डोळे झाकून उघडतो, ती घ्यावी असं माणसं म्हणतात ते आंधळं अनुकरण नाही. आमच्याकडून सर्व्हिस सेंटर ७० किलोमीटर. एका सेन्सरसाठी एक दिवसाची मजुरी आणि दोन फेऱ्या जातात. शहरात बसून स्टार मोजणं सोपं आहे.

कोयनाकाठ

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मूळ म्हणण्यावर मी ठाम आहे, पण दोन ठिकाणी मला हलावं लागतंय. तालुक्याचं गाव, काकांना मी उद्या फोन करणार आहे, कारण मी त्या दिवशी त्यांना मध्येच तोडलं होतं. आणि चौथा गिअर, तुम्ही बरोबर पकडलंत. भावाच्या बायकोला मी फोन करून विचारलं. तिने लायसन्स लग्नाआधीच काढलेलं आहे, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

काल आई आणि ती शोरूममध्ये जाऊन आल्या. उंच गाडीत आई वाकल्याशिवाय बसली, गुडघा न धरता उतरली. बुटक्या गाडीत दाराच्या चौकटीला धरून उठावं लागलं, पण तिचा सांगाडा स्थिर आहे असं अहवालात लिहिलंय. उंच गाडीचा नाही. आता सांगा, रोज चढउतार करणारा गुडघा मोठा की कधीतरी होईल न होईल तो अपघात? मला याचं उत्तर सुचत नाही. तिसरी एक गाडी दोन्हींत बसते, पण ती बजेटच्या साठ हजार वर जाते. मी ते घालायला तयार आहे, भाऊ घेईल की नाही ठाऊक नाही.

शनिवारी टेस्ट ड्राइव्ह. कुंभार्लीत चढवून बघायची म्हणतोय.

दोनचाकीवाला

शोरूमवाले घाटात देणार नाहीत, फार तर गुहागर बायपासपर्यंत. आणि दोघंच बसून चढवाल तर काही कळणार नाही. पाचजण, एसी चालू, सेकंड गिअर.

तिसरी म्हणताय ती कुठली ते लिहा. माझ्या साडूने मार्चमध्ये घेतलेली तीच असेल तर तो पाटणला आहे, रविवारी त्याला घेऊन घाटाच्या पायथ्याशी येतो. आईंना आणा.